तीन पाट्यांचे केंद्र

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्सचे एक केंद्र आहे. त्याचे नाव कोण काय घेतो, यावरून बोलणाऱ्याचे वय ओळखावे. पन्नाशी ओलांडलेला इंजिनिअर अजून ‘सीईडीटीआय’ म्हणतो. चाळिशीतला ‘डोएक’ म्हणतो. आज प्रवेशाची चौकशी करणारी मुले ‘नाइलिट’ म्हणतात. केंद्राची पाटी बदलली तशी विद्यापीठाची बदलली, शहराचीही बदलली. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले. इतक्या पाट्या बदललेल्या आवाराची वाटचाल लिहायची म्हटली की उद्घाटने, इमारती आणि प्रमुखांची यादी द्यावी, असा मोह होतो. स्मरणिकेत ती असतेच. इथे एकच धागा धरतो. उपकरणाला लागणारी वीज सांभाळण्याची विद्या या तीन पाट्यांच्या काळात कशी बदलली आणि त्या बदलात अशा केंद्राचे काम काय, एवढेच पाहू.

हा धागा निवडण्याचे कारण साधे आहे. टीव्ही असो, ईसीजीचे यंत्र असो, कारखान्यातला पीएलसी असो की ई-स्कूटर, प्रत्येकाच्या पोटात एक पॉवर सप्लाय असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. विद्यार्थ्याला प्रोजेक्ट विचारला तर तो सेन्सर सांगेल, मोबाइल ॲप सांगेल, हल्ली तर एआय सांगेल. बोर्डाला पाच व्होल्ट कुठून येतात, असे विचारले की तो खिशातल्या चार्जरकडे बोट दाखवतो. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र पहिला संशय पॉवर सप्लायवरच घेतला जातो, आणि तो बहुतेक वेळा खरा निघतो.

केंद्राचे मूळ बंगळूरला आहे. भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, १९७४ साली स्विस सरकारच्या सहकार्याने सीईडीटी, म्हणजे ‘सेंटर फॉर इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’, सुरू झाले. नावात ‘डिझाइन’ आणि ‘टेक्नॉलॉजी’ हे दोन शब्द होते, आणि ते मिरवण्यासाठी घेतलेले नव्हते. त्या वेळी आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण म्हणजे फळ्यावरचे सर्किट. ते सर्किट पेटीत कसे बसवायचे, पीसीबीवर जाडे ट्रॅक कुठे ठेवायचे, गरम होणारा भाग कोणत्या कोपऱ्यात न्यायचा, स्क्रू फिरवायला पेचकस आत जाईल का, आणि हे सगळे करून वस्तू गिऱ्हाइकाला परवडेल का, हे प्रश्न अभ्यासक्रमात नव्हते. सीईडीटीने ते अभ्यासक्रमात आणले. पुढे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने त्याच धर्तीवर देशात आणखी केंद्रे काढली. कालिकत, गोरखपूर, मोहाली, इम्फाळ आणि त्यांच्या जोडीला आपले औरंगाबाद. नावापुढे ‘इंडिया’चा आय लागला आणि सीईडीटीआय तयार झाले.

तेव्हा ऐंशीचे दशक उतरणीला लागले होते. गावात त्या वेळी काय चालले होते, हेही आठवावे. चिकलठाणा एमआयडीसी जुनी झाली होती. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या मागे सुटे भाग बनवणाऱ्यांची रीघ लागली. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही बनू लागले. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून होते, विद्यापीठ १९५८ पासून. पदवीधर होते आणि कारखानेही होते. मधला दुवा अपुरा होता. हाताने बोर्ड बनवणारा, तो चालवून दाखवणारा आणि तो हजार वेळा तसाच बनेल याची हमी देणारा माणूस लागत होता. ‘इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन टेक्नॉलॉजी’ या विषयातले एम.टेक. आणि उत्पादन-देखभालीचा डिप्लोमा हे या केंद्राचे अभ्यासक्रम अशा माणसासाठी होते.

त्या काळातला पॉवर सप्लाय कसा होता? वजनदार. लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, एक मोठा कपॅसिटर आणि शेवटी ७८०५ हा लिनिअर रेग्युलेटर. या तीन पायांच्या आयसीने भारतातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स विद्यार्थ्याची बोटे एकदा तरी भाजलेली असतात. त्यामागचे गणित एका ओळीचे आहे. आत १२ व्होल्ट येतात, बाहेर ५ लागतात, प्रवाह एक अँपिअर. उरलेले ७ व्होल्ट कुठेतरी जिरवायला हवेत, म्हणजे ७ वॅट उष्णता. १२ वॅट घेऊन ५ वॅट कामाला लावायचे आणि बाकीच्यांनी ॲल्युमिनियमची हीटसिंक तापवायची. कार्यक्षमता ४२ टक्क्यांच्या आसपास. तरीही हा सप्लाय लोकांना आवडायचा, कारण तो शांत होता. त्यातून आवाज नाही, रेडिओत खरखर नाही, बिघडला तर दहा मिनिटांत सापडतो. आजही नाजूक मोजमापाच्या सर्किटमध्ये, जिथे मायक्रोव्होल्टचा हिशेब असतो, तिथे शेवटच्या टप्प्याला लिनिअर रेग्युलेटरच बसवतात. त्याला जुना म्हणून हिणवणारा माणूस मोजमापाच्या वाट्याला गेलेला नसावा.

मराठवाड्यात याला आणखी एक बाजू होती. उन्हाळ्यात, शेतीपंप सुरू झाले की, खेड्यातच काय, शहराच्या टोकाच्या वस्त्यांतही व्होल्टेज कोसळायचे. म्हणून प्रत्येक टीव्हीशेजारी, प्रत्येक फ्रिजच्या मागे स्टॅबिलायझर. त्याचा रिले ‘टक’ वाजला की घरातले सगळे बल्बकडे बघायचे. आत ऑटोट्रान्सफॉर्मरचे टॅप, दोन-तीन रिले आणि एलएम३२४ हा आयसी. कोणत्या व्होल्टेजला कोणता रिले ओढायचा, हे एका छोट्या प्रिसेटने ठरायचे. निळी किंवा पांढरी, बोटाच्या नखाएवढी वस्तू, वर पेचकसासाठी खाच. कारागीर व्हॅरिॲकने व्होल्टेज वर-खाली करायचा, मीटर बघत प्रिसेट फिरवायचा, बरोबर जागेवर रिले पडला की खाचेवर नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. ट्रकच्या हादऱ्याने प्रिसेट हलू नये म्हणून. बहुतेक ठिकाणी थेंब लाल असायचा. तो थेंब म्हणजे ‘हे माप मी लावले’ अशी त्या कारागिराची सही. ॲनालॉग काळाची सगळी ताकद आणि सगळी अडचण त्या थेंबात होती. माप एका माणसाच्या हातात होते, त्यामुळे दहा स्टॅबिलायझर घेतले तर दहांची मापे किंचित वेगळी. शिवाय उन्हाने, वयाने प्रिसेटचा रोध सरकायचा. दोन वर्षांनी तोच स्टॅबिलायझर १८० ऐवजी १७२ ला रिले ओढू लागायचा आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर बेतायचे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो इंजिनिअरांतही आहे. एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, आला म्हणजे डिजिटल आले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. एसएमपीएसमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो हे खरे, पण तो किती वेळ चालू ठेवायचा हे ठरवणारे डोके दीर्घकाळ पूर्ण ॲनालॉगच होते. ते डोके एका चिपमध्ये बसवण्याची सुरुवात १९७६ च्या सुमारास सिलिकॉन जनरल कंपनीच्या एसजी१५२४ ने झाली. पुढे टीएल४९४ आला आणि संगणकाच्या एसएमपीएसमध्ये वर्षानुवर्षे बसला. त्यानंतर यूसी३८४२ आला आणि मॉनिटरपासून चार्जरपर्यंत सगळीकडे पसरला. रंगीत टीव्हीने हे तंत्र मराठवाड्याच्या घराघरांत नेले. किलोभराचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर जाऊन काड्यापेटीएवढा फेराइट ट्रान्सफॉर्मर आला. कार्यक्षमता ८० टक्क्यांवर गेली. वजन उतरले, किंमत उतरली, आणि दुरुस्तीवाल्याची झोपही उडाली, कारण आता बिघाड झाला की नुसता फ्यूज जात नसे, चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉस्फेट, उडायचा आणि जाताना दोन-चार शेजाऱ्यांनाही घेऊन जायचा.

एसएमपीएस शिकवणे हे डिझाइन केंद्राचे खरे काम, कारण इथे फळ्यावरचे सर्किट फसवते. आउटपुटचे व्होल्टेज मोजायचे, अपेक्षित व्होल्टेजशी ताडायचे आणि फरक कमी करायचा, एवढाच फीडबॅकचा सिद्धांत. कागदावर तो अर्ध्या पानात संपतो. टेबलावर टीएल४३१ आणि ऑप्टोकपलर बसवून लोड अचानक वाढवला की आउटपुट खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते आणि ऑसिलोस्कोपवर लाट दिसते. ती लाट विझवायला एक रोध आणि एक-दोन कपॅसिटर बदलावे लागतात. कोणते आणि किती, हे काढायला कॅलिफोर्नियातल्या मिडलब्रुक आणि चुक यांनी १९७६ मध्ये मांडलेली सरासरीची पद्धत आहे. बंगळूरच्या संस्थेत ही विद्या पुढे नीट रुजली आणि तिथल्या अध्यापकांच्या टिपणांवर देशभरातले विद्यार्थी वाढले. पण पद्धत हाताशी असली तरी शेवटचा निकाल सोल्डरिंग गनच लावते. एक कपॅसिटर काढ, दुसरा लाव, स्क्रीनकडे बघ. पीसीबीवर ट्रॅक दोन सेंटिमीटर लांब गेला तर सगळे गणित वाया जाते, हे पुस्तकात असते, पण पटते ते असे टेबलावर.

मग २००२ आले. वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारने सीईडीटीआयची केंद्रे डोएक सोसायटीत विलीन केली. मोहालीचे केंद्र मात्र सी-डॅककडे गेले. डोएक ही मूळची संगणक अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था. ‘ओ लेव्हल’, ‘ए लेव्हल’ या तिच्या परीक्षा. सोल्डरिंगचा धूर आणि संगणकाचे प्रमाणपत्र एका छताखाली आले. त्या काळी हे सरकारी सोयीचे लग्न वाटावे असेच होते. ज्या केंद्राची ओळख हातातल्या वस्तूने होती, त्याच्या दारावर संगणक परीक्षांच्या जाहिराती लागल्या, आणि बाहेरच्या माणसाला डोएक म्हणजे कॉम्प्युटर क्लास वाटू लागला. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे लागले असेल तर नवल नाही.

पण गंमत अशी की त्याच सुमारास पॉवर सप्लायच्या जगात नेमके हेच लग्न जुळत होते, आणि तिथे ते सोयीचे नव्हते, गरजेचे होते. सर्व्हरच्या एकेका बोर्डावर वीस-तीस वेगवेगळी व्होल्टेज लागू लागली. १.८, १.२, ०.९ व्होल्ट. कोणते आधी चालू करायचे, कोणते नंतर, कोणते किती अँपिअरला तोडायचे, हे प्रिसेट फिरवून जमणे शक्य नव्हते. २००५ मध्ये पीएमबसचे पहिले विनिर्देश आले. दोन तारांवरून पॉवर सप्लायला सूचना द्यायच्या आणि त्याच्याकडून व्होल्टेज, प्रवाह, तापमान आणि झालेले बिघाड विचारून घ्यायचे, अशी ही भाषा. दुसरीकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० मालिकेसारखे आणि मायक्रोचिपच्या डीएसपिकसारखे कंट्रोलर इतके वेगवान आणि स्वस्त झाले की फीडबॅकचे गणितच त्यांच्यात बसवता येऊ लागले. ऑपॅम्प, रोध, कपॅसिटर यांच्या जागी काही ओळींचा प्रोग्रॅम आला. नेलपॉलिशच्या थेंबाच्या जागी फ्लॅश मेमरीतला एक आकडा बसला. हजार बोर्डांत तोच आकडा, उन्हात न सरकणारा.

आता हा प्रोग्रॅम कोण लिहिणार? नुसता संगणकवाला लिहायला बसला तर पहिल्याच दिवशी मॉस्फेट उडवतो, कारण त्याच्या जगात प्रोग्रॅम अडकला तर स्क्रीन गोठते. इथे प्रोग्रॅम अडकला आणि त्या क्षणी मॉस्फेट चालू असेल तर तो चालूच राहतो आणि पुढच्या काही मायक्रोसेकंदांत त्याचा धूर होतो. नुसता सर्किटवाला बसला तर तो ऑपॅम्पच्या सवयीने विचार करतो आणि आकड्यांच्या सापळ्यात सापडतो.

हा सापळा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. समजा, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायचे आहेत, ट्रान्झिस्टर सेकंदाला एक लाख वेळा चालू-बंद होतो आणि कंट्रोलरचे घड्याळ ६० मेगाहर्ट्झचे आहे. एका आवर्तनात घड्याळाचे ठोके पडतात ६००. म्हणजे ट्रान्झिस्टर २५० ठोके चालू ठेवला तर ५ व्होल्ट मिळतील आणि २५१ ठेवला तर ५.०२. मध्ये काही नाही. एका ठोक्यामागे २० मिलिव्होल्टची उडी. उलट व्होल्टेज मोजणारा १२ बिटांचा एडीसी ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग करतो. आउटपुट निम्मे करून त्याला दिले तरी तो दीड-पावणेदोन मिलिव्होल्टचा फरक ओळखतो. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आणि करवत मात्र सेंटिमीटरच्या घरातच चालते, असा हा प्रकार. लोड लावल्यावर तारांत थोडे व्होल्टेज पडते आणि लागणारा आकडा २५० आणि २५१ च्या मध्ये येतो. एडीसी म्हणतो कमी आहे, प्रोग्रॅम २५१ करतो. एडीसी म्हणतो जास्त झाले, प्रोग्रॅम पुन्हा २५० करतो. हे कायम चालू. लोड स्थिर, इनपुट स्थिर, तरी आउटपुट हेलकावते. ॲनालॉगमध्ये मुरलेला माणूस इथे डोके धरतो, कारण त्याच्या गणितात हा दोष नाहीच. उपाय म्हणजे करवत बारीक करणे. नव्या कंट्रोलरांत आवर्तनाचे भाग दीडशे पिकोसेकंदांपर्यंत पाडता येतात. मग त्याच आवर्तनात ६६ हजारांहून अधिक पायऱ्या बसतात आणि उडी २० मिलिव्होल्टवरून ०.१८ वर येते.

दुसरा सापळा वेळेचा. ऑपॅम्पला विचार करायला वेळ लागत नाही म्हटले तरी चालेल. प्रोग्रॅमला लागतो. आधी मोजायचे, मग गणित करायचे आणि निकाल पुढच्या आवर्तनात लावायचा. म्हणजे १० मायक्रोसेकंदांचा उशीर. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण फीडबॅकचा वेग १० किलोहर्ट्झ ठेवायचा असेल तर हा उशीर ३६ अंशांची कला (फेज) खातो, आणि सप्लाय स्थिर राहायला हातात शिल्लक असते सगळी मिळून ४५ ते ६० अंश. निम्म्याहून जास्त भांडवल घड्याळच घेऊन जाते. मग एकतर वेग कमी करून ५ किलोहर्ट्झ करायचा आणि १८ अंशांवर भागवायचे, नाहीतर ट्रान्झिस्टरच अधिक वेगाने फिरवायचा आणि त्याची उष्णता सोसायची. डिजिटल म्हणजे आपोआप सरस, असे सांगणाऱ्या विक्री प्रतिनिधीला हे एक उदाहरण विचारून पाहावे.

म्हणून मला २००२ चे विलीनीकरण आज वेगळे दिसते. कागदावर ते प्रशासकीय होते. पण एका बाकावर सोल्डरिंग आणि शेजारच्या बाकावर सी भाषा, ही रचना डिजिटल पॉवरला हवी तशीच होती. ज्यांनी ती घडवली त्यांच्या मनात हे होते, असे म्हणण्याचे कारण नाही. योग जुळून आला. पण आलेल्या योगाचे सोने करायचे तर दोन्ही बाक एकमेकांशी बोलले पाहिजेत, आणि खरी कसोटी तिथेच असते. संगणकाच्या वर्गाला गर्दी होते, फी येते, एकाच खोलीत साठ मुले बसतात. पॉवरच्या टेबलावर चार मुले, एक ऑसिलोस्कोप आणि रोज जळणारे भाग. कोणत्याही संस्थेच्या हिशेबनिसाला यातले कोणते आवडेल हे सांगायला नको.

पुढचा काळ भराभर गेला. २०११ मध्ये डोएकचे नाव नाइलिट झाले. २०१२ मध्ये केंद्र सरकारचे राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक्स धोरण आले आणि इलेक्ट्रॉनिक्स रचना व उत्पादनातल्या कौशल्य प्रशिक्षणाची मोठी जबाबदारी नाइलिटवर आली. इथे बी.टेक. सुरू झाले. अलीकडे नाइलिटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याचा मुख्य परिसर पंजाबातल्या रोपडला आणि आपले केंद्र त्याच्या घटकांपैकी एक. पाटी पुन्हा रंगवावी लागेल बहुधा. या सगळ्या घोषणांपेक्षा गावात जे घडले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. एकेकाळी हजारो हातांना काम देणारी व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ट्यूबचे टीव्ही तर त्याआधीच गेले होते. बजाजने २०२० मध्ये चेतक परत आणली, ती बॅटरीवर चालणारी. वाळूजच्या ज्या पट्ट्यात कार्ब्युरेटर आणि गिअरची भाषा होती, तिथे मोटर कंट्रोलर, चार्जर आणि बॅटरी हे शब्द आले. शेंद्र्याला उद्योजकांच्या सीएमआयए संघटनेच्या पुढाकारातून देवगिरी इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर उभे राहिले. बिडकीनला एथर एनर्जीने स्कूटरचा कारखाना जाहीर केला.

ई-स्कूटरने पॉवरचे काम चार भिंतींतून काढून रस्त्यावर आणले आहे. लिथियमच्या बॅटरीत ओळीने सेल जोडलेले असतात. नेहमीच्या रसायनात एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेणे धोक्याचे. अख्ख्या बॅटरीचे व्होल्टेज बरोबर आहे म्हणून भागत नाही, त्यातला एखादा सेल आधीच काठोकाठ भरलेला असू शकतो. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा बोर्ड, प्रत्येक सेल मिलिव्होल्टमध्ये मोजतो, भरलेल्याला थोडे रिकामे करतो, तापमान बघतो आणि गडबड दिसली की बॅटरीच तोडतो. हे काम प्रिसेटने करून बघायचा विचारही कोणी करणार नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू केले. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. परदेशातला तयार बोर्ड आणून त्यातले तापमानाचे आकडे तसेच ठेवणारा निर्माता इथे जुगार खेळतो. ते आकडे मराठवाड्याच्या उन्हात, स्कूटर पार्किंगमध्ये उभी करून, मोजून ठरवायला हवेत. ते काम कोणत्याही आयात केलेल्या प्रोग्रॅममध्ये होऊन येत नाही.

या बदलात एक घटक भरडला गेला आहे, त्याच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. तो म्हणजे दुरुस्तीवाला. पैठण गेटच्या मोबाइल बाजारात गेलात तर दिसेल. कारागीर फोनची बॅटरी काढून बोर्डाला डीसी सप्लायच्या दोन वायरी लावतो आणि पॉवरचे बटण दाबून अँपिअरचा आकडा बघत बसतो. बटण दाबायच्या आधीच प्रवाह जात असेल तर ‘बोर्ड शॉर्टिंगमध्ये आहे’. बटण दाबल्यावर आकडा थोडा चढून तिथेच अडकला तर पॉवर आयसीचा संशय. हा ‘पॉवर आयसी’ म्हणजे डझनभराहून अधिक व्होल्टेज सांभाळणारा, प्रोसेसरशी सतत बोलणारा डिजिटल पॉवर सप्लायच. त्याच्या आत काय चालले आहे हे या कारागिराला कोणी शिकवलेले नाही. तो फक्त बाहेरून नाडी बघतो आणि तरी बऱ्याचदा बरोबर ठरतो. मोबाइलचे एक ठीक आहे. पण कारखान्यातल्या ड्राइव्हमध्ये, इन्व्हर्टरमध्ये, स्कूटरच्या चार्जरमध्ये आतला प्रोग्रॅम कुलूपबंद असतो. भाग नवा लावला तरी आकडे कुठून आणणार? पूर्वी प्रिसेट सरकला तर गल्लीतला माणूस तो परत लावायचा. आता अख्खा बोर्ड बदला, हेच उत्तर. पीएमबससारख्या भाषेत बिघाडाची नोंद बोर्डातच राहते, कोणत्या क्षणी प्रवाह वाढला, किती तापमान होते, सगळे. पण ती नोंद वाचायची परवानगी निर्मात्यालाच, ग्राहकाला नाही. तंत्र उघडे होऊ शकते, व्यापाराने ते बंद केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिजिटलमुळे ॲनालॉग संपले का? मुळीच नाही. आजच्या कोणत्याही डिजिटल पॉवर कंट्रोलरच्या पोटात ॲनालॉग कंपॅरेटर असतात. शॉर्टसर्किट झाले तर ते प्रोग्रॅमला न विचारता मॉस्फेट बंद करतात, कारण तेवढा वेळ प्रोग्रॅमकडे नसतो. हीटसिंक अजून तापते. तांब्याचा ट्रॅक अजून रोध देतो. फेराइटचा गाभा अजून संपृक्त होतो. कपॅसिटर अजून उन्हात सुकतो. बदलले आहे ते या सगळ्यावरचे नियंत्रण. म्हणून सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलाला ७८०५ शिकवायची गरज संपलेली नाही, उलट वाढली आहे. सिम्युलेशनमध्ये कपॅसिटर कधी फुटत नाही, आणि म्हणूनच सिम्युलेशनवर वाढलेला मुलगा पहिल्या खऱ्या बोर्डासमोर गांगरतो.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि बिडकीनच्या उद्योजकांना म्हणून एक विनंती. आपल्या कारखान्यात जळालेले बोर्ड भंगारात घालू नका, विद्यापीठाच्या आवारातल्या या केंद्रात पाठवा. कोणत्या मशीनचा, किती वापरानंतर, कोणत्या उन्हात गेला, एवढे एका चिठ्ठीवर लिहा. चीन किंवा तैवानहून तयार येणारा एक तरी पॉवर सप्लाय निवडा आणि तो इथे डिझाइन करून, त्याचा प्रोग्रॅमही इथेच लिहून घ्यायचे काम एम.टेक.च्या एखाद्या विद्यार्थ्याला द्या. पैसे द्या, मुदत द्या आणि तो पहिल्यांदा फसेल हेही धरून चाला. आणि प्रवेश घेणाऱ्या मुलांनो, प्रोजेक्ट निवडताना गाइडकडे पॉवर सप्लायच मागा. त्याला गर्दी कमी आहे आणि काम भरपूर आहे.